नववं गाणं, बटाट्याच्या गोदामात

आमचा पहिला पूर्ण अल्बम जुन्नरच्या बाहेर एका बटाट्याच्या गोदामात झाला. पूर्ण म्हणजे नऊ गाणी. त्याआधी पुण्यात एका मित्राच्या खोलीत आम्ही तीन गाण्यांची सीडी केली होती. ती ज्यांनी ऐकली त्यांतले निम्मे आमच्या नात्यातले होते आणि उरलेल्यांना नुसती गंमत बघायची होती. तीन गाण्यांवरून माणूस येऊन ओरडून गेला इतकंच कळतं, त्याचं म्हणणं काय आहे ते कळायला नऊ तरी लागतात, असं माझं मत होतं. त्या काळात माझी मतं फार होती.

मी पत्रकांवर वाढलो. वडील शाळेत शिक्षक, आणि शाळा सुटली की पत्रकं लिहिणारे. धरणात गेलेल्या गावांचं पुनर्वसन, रोजगार हमीची रखडलेली कामं, हातभट्टी, शाळेची गळकी खोली. जे दिसेल त्यावर पत्रक. उरलेले गठ्ठे घरी यायचे आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो. एका बाजूला माझे अपूर्णांक, दुसऱ्या बाजूला ‘बंधूंनो आणि भगिनींनो, आणखी किती दिवस सहन करायचं?’ लिहिणं म्हणजे असंच असतं, असं मी धरून चाललो होतो. कुणाची तरी बाजू घ्यायची आणि शेवटी उद्गारचिन्ह द्यायचं. फक्त एक गोष्ट मला लहानपणापासून सलायची. लोक पत्रक घ्यायचे, मान डोलवायचे आणि घडी करून खिशात ठेवायचे. थोड्या वेळाने त्याच घडीत कुणाची तरी मिसरी बांधलेली दिसायची. घडी घालता येणार नाही असं काहीतरी मला हवं होतं.

ते मला गिटारवाल्याने आणून दिलं. आमच्या आळीच्या टोकाला त्याचं घर. कित्येक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन जुन्नरच्या बाजारपेठेत स्थिरावलेलं व्यापारी घराणं, आणि त्याचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. तो पुण्याला कॉलेजात होता. तिथल्या होस्टेलवरून तो कॉपी केलेल्या सीडी आणायचा, वर मार्कर पेनने लिहिलेल्या. त्यातल्या एका प्रकाराला पोस्ट-हार्डकोर म्हणतात हे त्यानेच सांगितलं. हार्डकोर म्हणजे दीड-दोन मिनिटांत जीव तोडून ओरडून संपवायचं. त्याच्या पुढे गेलेली ही माणसं. ओरडणं यांनी सोडलं नव्हतं, पण गाणं मधेच थांबायचं, वळायचं, कुजबुजायचं, आणि आता संपलं म्हणेपर्यंत पुन्हा अंगावर यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्या वडिलांचं पत्रक घसा बसेपर्यंत लाउडस्पीकरवर वाचतंय.

तिसरा ड्रमवाला, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. घरची शेती, आणि लग्नाच्या हंगामात बँजो पार्टीत वाजवायचा. वरातीपुढे सलग तीन तास हात चालवायची सवय असलेला माणूस. आमच्या गाण्यांना तो ‘फुकटची दमनूक’ म्हणायचा आणि प्रत्येक प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी हजर असायचा. मी बेस गिटार वाजवायचो, वाईट, आणि ओरडायचो. गाण्यांचे शब्द सगळे माझे.

शतक उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या एप्रिलअखेर गिटारवाल्याला चेन्नईला काकांच्या दुकानात रुजू व्हायचं होतं. ते घरात कधीचंच ठरलेलं होतं आणि त्याने त्यावर वाद घातला नव्हता. माझ्या तत्त्वांना ते मानवलं नाही, आणि मी त्याला दोन-तीन भाषणं दिली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “जाणार तर आहेच. हे एक पुरं करून जाऊ दे.” पुन्हा कधी बँडमध्ये वाजवता येणार नाही, हे त्याला माहीत होतं. आमच्यासाठी तो पहिला अल्बम होता. त्याच्यासाठी तो एकच.

गोदाम त्याच्या वडिलांचं. बेण्याचा बटाटा तिथे यायचा आणि पेरणीपर्यंत राहायचा. त्यांच्या घरात मात्र जमिनीखालचं काही खात नसत.

“तुमी खात न्हाई, आन् गोनीनं भरून ठेवता,” ड्रमवाला म्हणायचा. “कमाल हाय राव.”

“तू रोज लग्नात वाजवतोस,” गिटारवाला म्हणायचा. “तुझं झालंय का?”

त्याच्या वडिलांनी आम्हाला बारा दिवस दिले. त्यानंतर नवा माल येणार होता. दिवसाला मिळायचे पाच तास, कारण भारनियमनात त्या भागात साडेदहाला वीज यायची आणि साडेतीनला जायची. गिटारवाल्याला तर सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी पोचावंच लागायचं, त्यामुळे रेंगाळायचा प्रश्नच नव्हता. एक जुना संगणक, मांडववाल्याकडून आणलेले चार माइक, एक मिक्सर. ड्रमच्या तीन बाजूंनी आम्ही बटाट्याच्या गोण्या छातीइतक्या रचल्या. त्याने आवाज असा घट्ट झाला की ड्रमवाला पहिला ठोका मारून स्वतःच दचकला.

अडचण एकच होती. गोदामात बाया बटाटा निवडत बसायच्या. आठ-नऊ जणी, आसपासच्या वस्त्यांवरून येणाऱ्या. सडका वेगळा, बारका वेगळा, बेण्याचा वेगळा. बटाटा घमेल्यात पडला की धप्प आवाज यायचा, आणि त्याहून मोठा आवाज त्यांच्या बोलण्याचा. पहिल्या दिवशी आम्ही पंधरा मिनिटं रेकॉर्ड केलं आणि हेडफोन लावून ऐकलं, तर गिटारच्या मागे कुणाच्या तरी सुनेची सगळी कहाणी स्वच्छ ऐकू येत होती.

गिटारवाला मुकादमाशी बोलला. मुकादमाने बायांना ढिगासकट अंगणात बसवलं. मी तेव्हा जमिनीवरच्या वायरी चिकटपट्टीने चिकटवत होतो. त्या आपापलं बसायचं बारदान काखेत मारून माझ्या पुढून गेल्या. एकीने वायरीवरून पाय उचलून टाकला, जपून. मी ‘सांभाळून’ म्हणालो. माझ्या मनात त्यापलीकडे काहीही आलं नाही.

आठ गाणी नऊ दिवसांत झाली. पत्रा दुपारी तापला की टकटक वाजायचा. तो आवाज एक-दोन गाण्यांत राहिला आणि आम्ही तो राहू दिला. रोज एखादं टेक, म्हणजे गाण्याचं एका दमातलं रेकॉर्डिंग, संपलं की मी घामाने निथळत दारात उभा राहायचो आणि समोर अंगणात बाया दिसायच्या. डोक्यावरून पदर, उन्हाकडे पाठ. भिंतीची सावली अकरानंतर आखडत जायची तशा त्या भिंतीकडे सरकत जायच्या, आणि बारानंतर सरकायला सावलीच उरायची नाही. मी हे नऊ दिवस पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांपुढे होतं.

नववं गाणं त्यांच्यावरच होतं. अल्बमचा शेवट त्याने करायचा हे मी आधीपासून ठरवलं होतं. महिनाभर खपून लिहिलेलं, सात मिनिटांचं, निवडणाऱ्या हातांचं गाणं. त्याचं मधलं कडवं असं होतं:

अश्रू गिळून, मुकी राहून
निवडत बसले हात
सडक्या जगातून वेगळी काढत
उद्याची एक जात

हे कडवं मी सगळ्यात वरच्या पट्टीत, एकाच श्वासात ओरडायचो. आपण याहून चांगलं काही लिहिलेलं नाही, अशी माझी खात्री होती.

दहाव्या दिवशी त्याची तालीम झाली आणि मी पाणी प्यायला बाहेरच्या नळावर गेलो. तिथे त्या बायांतली सगळ्यात वयस्कर मावशी तोंडावर पाणी मारत होती.

“काय रं, येवढं काय वरडतोस सारखं?” तिने विचारलं. “कुनी मारतंय का आत?”

मी म्हणालो, “मावशी, गाणं आहे. तुमच्यावरच आहे.”

“आमच्यावर?”

“बटाटा निवडणाऱ्या बायांवर. कष्टावर.”

तिने पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागे वळून बाकीच्यांना ओरडून सांगितलं, “ऐकलं का गं? आमच्यावर गानं, आन् आमीच भाईर!”

अंगणभर हशा उठला. त्यात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मी पाणी न पिताच आत आलो.

पुढे मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. बेस खाली ठेवला आणि जाहीर केलं, की बाया आत आल्याशिवाय मी हे गाणं गाणार नाही. त्यांना उन्हात बसवून त्यांच्यावर गाणं रेकॉर्ड करणं हा ढोंगीपणा आहे, आणि आपला बँड ढोंगी नाही.

गिटारवाला म्हणाला, “दोनच दिवस राहिलेत.”

“मग आवाजासकट रेकॉर्ड करू. त्यांचा आवाज आलाच पाहिजे. तोच खरा आवाज.”

“खरा आवाज सात मिनिटं घमेल्यात बटाटे पडल्याचा असेल,” तो म्हणाला. “माझ्या एकुलत्या एका अल्बममध्ये.”

त्याने ‘माझ्या’ म्हटलं ते मला खटकलं, आणि मी ते बोलून दाखवलं. मग तो बोलला, मग मी. शेवटी ड्रमवाला गोण्यांच्या मागून म्हणाला, “आरं, त्या बायांना तरी इचारा, यायचंय का!”

मी तरातरा बाहेर गेलो आणि उभ्या उभ्या बायांना सांगितलं, की आजपासून तुम्ही आतच बसायचं, कुणीही तुम्हाला बाहेर काढणार नाही. आवाजात वडिलांच्या पत्रकाचा सगळा सूर उतरला असणार.

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मावशी म्हणाली, “आत?”

“हो. आत.”

“त्यो तापल्याला पत्रा, आन् त्यात तुजं बोंबलनं? नको रं बाबा. डोकं फुटंल.”

दुसरी म्हणाली, “हितं निदान मुकादम सारखा येत न्हाई. उनाला भितो.”

पुन्हा हशा. मी उभाच राहिलो. त्या कामाला लागल्या. परत आत आलो तेव्हा गिटारवाल्याने गिटारचा अँप्लिफायर बंद करून ठेवला होता. घड्याळात सव्वादोन. उरलेला सव्वा तास आम्ही तिघे गोण्यांवर बसून होतो. साडेतीनला वीज गेली तेव्हा बरंच वाटलं.

अकराव्या दिवशी विजेनेच दगा दिला. ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दिवस गेला. गिटारवाला तरीही आला होता. गिटार कापडाने पुसत दारात बसला, आणि दुपारी मला न सांगताच घरी निघून गेला.

त्या दिवशी बाकी काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी अंगणात जाऊन मावशीच्या शेजारी बसलो. सांगण्यासारखं काही डोक्यात नव्हतं. नुसतं विचारलं, “मावशी, इथे काय पाहिजे तुम्हाला?”

“सावली,” ती म्हणाली. “आजून काय? धा दीस झालं बगतोय की, कुनाच्या डोक्यात येतंय का.”

“मग सांगायचं ना.”

“तुमी गान्यात. शेठचं पोरगं बी तुमच्यात. सांगायचं कुनाला, त्या मुकादमाला?” तिने एक सडका बटाटा मागे भिरकावला. “बरं ते जाऊ दे. आमच्यावर काय लिवलंय ते तरी सांग. वरडू नको, नीट सांग.”

मी सांगितलं. पहिलं कडवं त्यांनी ऐकून घेतलं. ‘अश्रू गिळून, मुकी राहून’ आलं तेव्हा मावशीचा हात थांबला.

“मुकी कोन?”

“म्हणजे... तुम्ही. बोलता येत नाही, अन्याय सहन करावा लागतो, असं.”

“आमी मुक्या?” ती बाकीच्यांकडे वळली. “अगं, ह्यो म्हनतोय आमी मुक्या! आरं, आमच्या बडबडीपायी तर तुमी भाईर काढलं आमाला!”

या वेळी हशा थांबेचना. एक तरणी बाई तर घमेल्यावर ओणवी होऊन हसत होती. हसू ओसरल्यावर मावशी पुन्हा म्हणाली, पण हळू, “आन् रडलो कवा रं आमी? तू बगितलंस?”

मी पाहिलं नव्हतं. दहा दिवस समोर बसलेल्या त्या बायांना मी एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. चिडताना, हसताना, मुकादमाची नक्कल करताना, एकमेकींच्या सासूला शिव्या घालताना पाहिलं होतं. अश्रू मी गोदामातून घेतले नव्हते, घरातून आणले होते. आमच्या प्रत्येक पत्रकात घाम पुरुषांचा असायचा आणि अश्रू बायकांचे. ते शब्द माझ्या इतके हाताशी होते की समोरच्या माणसाकडे मान वर करून बघायची मला कधी गरजच पडली नव्हती.

बाराव्या दिवशी सकाळी आठलाच मी गोदामावर गेलो. गिटारवाला आधीच आला होता. मी त्याला सावलीचं सांगितलं. तो आत गेला आणि मागच्या खोलीतून पावसाळ्यात माल झाकायची मोठी ताडपत्री ओढत घेऊन आला. ती तिथे बारा दिवस घडी घालून पडलेली होती. ड्रमवाल्याने मांडववाल्यांबरोबर हंगाम काढलेले, त्यामुळे बांबू कुठे रोवायचा आणि दोर कसा ताणायचा हे त्याला विचारावं लागलं नाही. बाया आल्या, वर बघितलं आणि बसल्या. मावशी एवढंच म्हणाली, “त्या अंगाला जरा खाली घ्या, दुपारचं ऊन तिकडनं येतं.” आम्ही खाली घेतली.

साडेदहाला वीज येईल या हिशेबाने आम्ही तयार होतो. ती आली दीडला. दोन तास. ड्रमचे माइक हलले होते, ते लावण्यात एक तास गेला. मग आम्ही नववं गाणं घेतलं, तिघांनी एकत्र, सलग.

मधलं कडवं आलं. मी तोंड माइकपाशी नेलं आणि काही बोललो नाही. ते शब्द आता तोंडातून निघणार नाहीत हे मला सकाळपासून माहीत होतं. त्यांच्या जागी काय घालायचं ते माहीत नव्हतं. ड्रमवाला वाजवत राहिला. दोन-चार मात्रा गिटार चाचपडली, आणि मग गिटारवाल्याने असं काही वाजवायला सुरुवात केली की जे त्याने कधीच वाजवलं नव्हतं, तालमीत नाही, कुठेच नाही. खालच्या तारेवर एक हट्टी, तीच ती ओळ, प्रत्येक वेळी थोडी वाकडी होत जाणारी. कडव्याची जागा संपली आणि मी पुढचं उचललं.

गाणं संपल्यावर तो हेडफोन काढत म्हणाला, “विसरलास ना? मी सांभाळून घेतलं.”

मी म्हणालो, “विसरलो नाही. ते कडवं मी काढलं.” आणि का काढलं ते सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बायांना जाऊन विचारलंस, चांगलं केलंस. आम्हाला कधी विचारणार? मी सकाळपासून तुझ्याबरोबर दोर बांधतोय.”

ड्रमवाला म्हणाला, “माजं तर बोट कापलं त्या दोरात.”

मी घड्याळ पाहिलं. वीज जायला पाऊण तास राहिला होता. गिटारवाला म्हणाला, “आता सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा घेऊ. जागा तेवढीच ठेवू, पण ठरवून.” आम्ही पुन्हा घेतलं. या वेळी रिकाम्या जागेत त्याने नेमकं आणि नीटनेटकं वाजवलं. ड्रम त्याला धरून चालले. कुठेही कुणी चाचपडलं नाही.

दोन्ही टेक आम्ही एकामागून एक ऐकली. मला पहिलंच हवं होतं. त्यात तो घाबरला होता, मला वाचवत होता, आणि ते ऐकू येत होतं. अशी जागा ठरवून येत नाही, हे पटवून द्यायला माझ्याकडे मुद्दे होते, एक अख्खं पत्रक होईल इतके. मी तोंड उघडलंही. मग मी त्याला विचारलं, “कुठलं ठेवायचं?”

“दुसरं,” तो लगेच म्हणाला. “पहिल्यात मी चुकलोय. लोकांनी माझं एकच वाजवणं ऐकायचं, तर ते चुकलेलं नको.”

मी ड्रमवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “त्याचा अल्बम हाय.”

दुसरं ठेवलं. अल्बमवर तेच आहे, आणि पुण्याच्या होस्टेलांवर ज्या थोड्या पोरांनी तो कॉपी करून ऐकला त्यांनी तेच ऐकलं. मला अजूनही वाटतं की पहिलं चांगलं होतं. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी त्याने संगणकावर पहिलं टेक निवडलं. “पुसू?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “पूस.”